दुबार रवाना झालेला मजकूर

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागात, जेथे महाराष्ट्राची हद्द पैनगंगेच्या पात्राशी येऊन थांबते आणि पलीकडच्या तीरापासून तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा सुरू होतो, त्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन हे गाव एकाच वेळी निरनिराळ्या काळांत वावरणारे आहे. भोवताली कापूस, सोयाबीन आणि तूर यांचे शिवार, त्यापलीकडे गोंड वस्त्या आणि कोलामांचे पोड, जमिनीखाली चुनखडीचे थर आणि त्या थरांच्या आधाराने २०२२ पासून उत्पादन करू लागलेला, वर्षाला सुमारे ३९ लक्ष टन क्षमतेचा आरसीसीपीएलचा सिमेंट कारखाना; शिवाय माजरीहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग. अशा गावी कापसाचा आजचा भाव, हवामान खात्याचा मंगळवारचा आणि शुक्रवारचा कृषिसल्ला, पैनगंगेच्या वरच्या अंगाला असलेल्या इसापूर धरणातून सोडलेले पाणी, वीजपुरवठा बंद राहण्याची सूचना, या वार्ता पूर्वी चावडीवरून वा दवंडीने कळत असत. आता त्या फेसबुकच्या पानावरून, इन्स्टाग्रामवरून आणि टेलिग्रामच्या वाहिनीवरून हातातल्या फोनवर येतात, आणि लोक त्यांवर विसंबून आपला दिवस आखतात.

या पानांचा कारभार पाहणारी व्यक्ती बहुधा एकच असते, आणि तीही शेती, नोकरी वा दुकान सांभाळून हे काम करणारी; म्हणून ठरलेल्या वेळी मजकूर आपोआप प्रसिद्ध व्हावा अशी यांत्रिक तजवीज ती करून ठेवते. गुगल शीटच्या एकेका ओळीत मजकूर, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. २०११ पासून चालू असलेल्या झॅपियरसारख्या किंवा २०१९ साली बर्लिनमध्ये निघालेल्या एन-एट-एनसारख्या साधनाने दर काही मिनिटांनी ती शीट उघडून पाहावी. वेळ झालेली ओळ उचलून संबंधित समाजमाध्यमाच्या सर्व्हरकडे धाडावी, आणि ओळीपुढे ‘झाले’ असा शेरा मारावा, एवढाच या व्यवस्थेचा गाभा. ठरल्या वेळी ठरले काम करविणारा क्रॉन नावाचा कार्यक्रम तर १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही होता. तेव्हा मूळ कल्पना नवी नाही. ही व्यवस्था महिनोन्महिने बिनतक्रार चालते, आणि मग एखाद्या सकाळी तोच मजकूर पानावर दोनदा उमटलेला दिसतो.

हा दोष क्षुल्लक मानण्याकडे पुष्कळांचा कल असतो. मला तो तसा वाटत नाही. वाचणारा मनुष्य प्रत्येक पोस्ट ही नवी वार्ता म्हणून वाचतो, आणि तसे वाचण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. ‘धरणाचे दरवाजे उघडले, विसर्ग वाढविला’ हा मजकूर सकाळी आठ वाजता आला आणि अकरा वाजता जसाच्या तसा पुन्हा आला, तर नदीकाठचा शेतकरी विसर्ग दुसऱ्यांदा वाढविला असे समजून गुरे हलवितो, मोटारपंप उचलतो, रोजंदारीची माणसे परत पाठवितो. आणि असा अनुभव एक-दोनदा आला म्हणजे पुढच्या खेपेचा खरा इशाराही तो शिळा समजून सोडून देतो. भावाच्या बाबतीत तर अनर्थ आणखी सोपा आहे. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि २०२५-२६ च्या हंगामात तो ८,११० रुपये झाला. कोठेतरी रांगेत अडकून पडलेली जुनी पोस्ट नव्या हंगामात बाहेर पडली, तर गाडी भरून निघालेल्या माणसापुढे दोन आकडे उभे राहतात आणि त्यांतला कोणता आजचा हे त्या पोस्टवरून कळण्याची काही सोय नसते.

दोष उद्भवल्याबरोबर जास्तीची पोस्ट पुसून टाकण्याचा मोह प्रथम आवरला पाहिजे. ती पोस्ट हाच मुख्य पुरावा आहे. प्रत्येक पोस्टला समाजमाध्यमाने दिलेला स्वतंत्र क्रमांक असतो, तो आणि प्रसिद्धीची नेमकी वेळ टिपून घ्यावी; फेसबुकच्या पानाच्या व्यवस्थापकाला ती पोस्ट कोणत्या व्यक्तीच्या वा कोणत्या अ‍ॅपच्या नावे प्रसिद्ध झाली हेही दिसते, त्याचीही नोंद करावी. मग स्वयंचलित साधनाचे लॉग, म्हणजे कार्यवाहीचे दफ्तर, उघडावे आणि त्या वेळेला किती कार्यवाह्या नोंदल्या गेल्या आहेत ते मोजावे. सगळ्या चौकशीची दिशा या एका मोजणीवर अवलंबून आहे. पानावर पोस्टी दोन आणि दफ्तरात कार्यवाह्याही दोन, असे आढळले तर काम सुरू करण्याचा हुकूमच दोनदा सुटला आहे. पोस्टी दोन पण कार्यवाही एकच, असे दिसले तर त्या एका कार्यवाहीच्या पोटात पाठविण्याची क्रिया पुन्हा घडली आहे. आणि दुसऱ्या पोस्टीची दफ्तरात दखलच नसेल, तर ती दुसऱ्या कोणीतरी पाठविली आहे, मग तो दुसरा कोणी माणूस असो की विसरलेले यंत्र.

या तिसऱ्या प्रकारात बहुतेक वेळा उत्तर लवकर सापडते. नवीन सर्व्हरवर सगळी मांडणी हलविली आणि जुन्या लॅपटॉपवरची प्रत बंद करावयाची राहिली, म्हणजे दोन्ही प्रती आपापल्या परीने इमानेइतबारे काम करीत राहतात, आणि दोघींनाही एकमेकींचा पत्ता नसतो. इन्स्टाग्रामच्या खात्यात ‘प्रत्येक पोस्ट फेसबुकवरही प्रसिद्ध करावी’ अशी सोय कोणे एके काळी चालू करून ठेवलेली असते. पुढे स्वयंचलित मांडणीतून फेसबुकवर वेगळी पोस्ट जाऊ लागली की तेथे दोन दिसतात आणि इन्स्टाग्रामवर मात्र एकच. पानाला जोडलेल्या अ‍ॅपांची यादी काढून ज्यांचा उपयोग उरला नाही त्यांचे अधिकार काढून घेणे, एवढ्याने येथे काम भागते.

दोन पोस्टींमधले अंतरही पुष्कळ काही सांगून जाते. अंतर अवघ्या काही सेकंदांचे असेल तर दोन प्रती एकाच वेळी जाग्या झाल्याचा संशय घ्यावा. अर्ध्या वा एका मिनिटाचे असेल तर उत्तराची वाट पाहण्याची मुदत संपून साधनाने पुन्हा प्रयत्न केल्याचा. ते पाच वा पंधरा मिनिटांचे, म्हणजे शीट तपासण्याच्या मध्यंतराइतकेच असेल, तर पहिल्या फेरीचा शेरा पडण्यापूर्वीच दुसऱ्या फेरीने तीच ओळ उचलल्याचा. जेथे नेटवर्क मंद असते तेथे हा शेवटला प्रकार नेहमीचा, कारण पहिली फेरी छायाचित्र चढविण्यातच गुंतलेली असते, ओळीपुढचा रकाना अद्याप रिकामा असतो, आणि दुसऱ्या फेरीला त्या रिकाम्या रकान्याखेरीज दुसरे काही दिसत नाही. एक फेरी चालू असताना दुसरीला प्रवेश नाही, असा निर्बंध बहुतेक साधनांत घालता येतो आणि तो घालावाच; तसेच ओळ उचलताक्षणी, पाठविण्याच्या आधीच, तिच्यापुढे ‘हाती घेतले’ असा शेरा पडेल अशी व्यवस्था करावी.

अंतर नेमके साडेपाच तासांचे निघाले तर मात्र शोध घड्याळाकडे वळवावा. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि मांडणीच्या एका टप्प्याने ‘सकाळी सात’ ही वेळ भारतीय व दुसऱ्या टप्प्याने जागतिक मानली की एकच ओळ दोन वेगवेगळ्या क्षणी मुदत भरलेली ठरते. स्वतःच्या सर्व्हरवर बसविलेल्या एन-एट-एनला वेळेचा प्रदेश सांगितला नाही तर ते न्यूयॉर्कची वेळ धरून चालते. आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळे एक तास मागे घेतली जात असल्याने, तेथील एक ते दोन हा तास त्या दिवशी दोनदा येतो. या काळाची दखल न घेणारा कार्यक्रम तेथील दीड वाजताचे काम तेव्हा दोनदा उरकू शकतो, आणि त्या दोन वेळा मुकुटबनला सकाळचे अकरा आणि दुपारचे बारा म्हणून दिसतात. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाल्यावरही मुंबई शहरात तिच्याहून ३९ मिनिटे मागे असणारी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत चालू होती. त्या काळच्या मुंबईकराला भेटीची वेळ ठरविताना ती कोणत्या घड्याळाची हे सांगावे लागे. यंत्रालाही तेच सांगितले पाहिजे, प्रत्येक टप्प्यावर आणि स्पष्ट शब्दांत ‘आशिया/कोलकाता’ असे लिहून.

आता वळावयाचे ते त्या प्रकाराकडे, ज्यात कार्यवाही एकच असून पोस्टी दोन असतात. तो सर्वांत त्रासदायक आहे आणि समजून घेण्याजोगाही, कारण त्यात कोणाचीच चूक सापडत नाही. साधनाने मजकूर धाडला. समाजमाध्यमाच्या सर्व्हरने तो स्वीकारून प्रसिद्धही केला. परंतु ‘पोचला’ असे सांगणारे उत्तर परत येता येता वाटेत हरवले, कारण तेवढ्यात गावची वीज गेली, राउटर बंद पडला किंवा टॉवरचा संपर्क तुटला. पाठविणाऱ्याच्या दृष्टीने पाहता मजकूर वाटेत हरवला असता तरी नेमकी हीच शांतता पसरली असती. दोन सर्वस्वी भिन्न घटनांची त्याच्यापर्यंत पोचणारी खूण एकच, ती म्हणजे उत्तराचा अभाव. अशा वेळी पुन्हा पाठवावे तर मजकूर दुबार होण्याचे भय, न पाठवावे तर तो अजिबात न जाण्याचे.

संगणकशास्त्रात हा पेच ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हणून प्रसिद्ध आहे. अक्कोयुनलू, एकनाधम आणि ह्यूबर यांनी १९७५ साली तो मांडला आणि जिम ग्रे यांनी १९७८ साली त्याला हे नाव दिले. दोन टेकड्यांवर एकाच पक्षाच्या दोन सेना, मधल्या दरीत शत्रू, आणि एकाच वेळी हल्ला केला तरच जय. निरोप नेणारा जासूद दरीत पकडला जाण्याचा संभव असल्यामुळे पहिल्या सेनापतीला पोच हवी, पोच देणाऱ्याला ती पोचल्याची पोच हवी, आणि या क्रमाला अंत नाही. वाटेत निरोप हरवू शकत असेल तर कितीही फेऱ्या केल्या तरी दोघांची पूर्ण खातरजमा होणे अशक्य आहे, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. म्हणून ‘आमच्या साधनात पोस्ट दुबार जाणे शक्यच नाही’ असे कोणी ठामपणे सांगू लागला, तर त्याने उत्तर हरविण्याची शक्यता कशी हाताळली आहे, हे त्याला अवश्य विचारावे.

हा पेच केवळ विद्वानांचा नाही. बाजारात यूपीआयने पैसे देताना आपल्या खात्यातून रक्कम कापली जाते, दुकानदाराच्या खात्यात ती दिसत नाही, आणि ‘पुन्हा पाठवू का?’ असा प्रश्न उभा राहतो, तेव्हा ग्राहक आणि दुकानदार त्या दोन सेनापतींच्याच जागी असतात. तेथे प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा संदर्भ क्रमांक असतो, म्हणून मागाहून छडा लागतो; आणि रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने अशा अडकलेल्या रकमा परत करण्याची मुदत ठरवून, ती उलटल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईही लागू केली आहे.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, की इंटरनेटच्या मुळाशीच दुबार निरोप गाळण्याची व्यवस्था असताना हा प्रकार घडावाच का? आक्षेप रास्त आहे. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ च्या निबंधात ज्या वाहतूक-पद्धतीची रूपरेषा मांडली, तीत पाठविलेल्या अक्षरांना अनुक्रमांक असतात, आणि त्यांच्या आधारे वाटेत दुबार झालेले तुकडे पलीकडे टाकून दिले जातात. परंतु ही व्यवस्था एका जोडणीपुरतीच. साधनाने मुदत संपल्यावर नवी जोडणी उघडून तोच मजकूर पुन्हा धाडला, की वाहतूक-व्यवस्थेच्या लेखी तो नवा मजकूर असतो, आणि ती तो प्रामाणिकपणे पोचविते. जेरोम सॉल्ट्झर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात नेमके हेच उदाहरण घेतले आहे: दुबारपणा जर वापरणाऱ्या कार्यक्रमाच्या पातळीवर जन्मत असेल, तर तो त्याच पातळीवर ओळखला गेला पाहिजे, मधल्या वाहकाला तो ओळखता येत नाही. पान चालविणाऱ्याने नेटवर्कला, कंपनीला वा टॉवरला दोष देत बसण्यात अर्थ नाही तो यासाठी. ते सारे उद्या सुधारले तरी हा दोष उरेलच, फक्त विरळ होईल.

आपल्या जुन्या कचेऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर केव्हाच शोधून ठेवले होते. तहसिलीतून निघणारे प्रत्येक पत्र आधी जावक बारनिशीत नोंदले जाई, त्याला क्रमांक आणि तारीख मिळे, मगच ते टपालात पडे. उत्तर न आल्यास कारकून तेच पत्र नव्याने लिहून धाडीत नसे, तर ‘अमुक क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या पत्रास अनुलक्षून’ असे स्मरणपत्र पाठवी. पलीकडच्या कचेरीत मूळ पत्र आलेले असले तर आवक बारनिशीतील त्याच क्रमांकावरून ते उमगे आणि दुसरे प्रकरण उघडले जात नसे. आलेले नसले तर नव्याने नोंद होई. पुन्हा पाठविणे येथे निषिद्ध नव्हते. पुन्हा पाठविलेले ते तेच आहे, हे ओळखण्याची सोय दोन्ही टोकांना होती, आणि सारे रहस्य त्यातच आहे.

स्वयंचलित मांडणीत नेमकी ही बारनिशी नसते. शीटमधल्या ओळीला क्रमांक दिलेला नसतो, किंवा असला तरी तो मजकुराबरोबर पलीकडे जात नाही. मॅस्टोडॉनसारख्या काही समाजमाध्यमांनी अशी सोय केली आहे, की पाठविणाऱ्याने स्वतः ठरविलेली एक खूण मजकुरासोबत धाडावी. तीच खूण ठराविक मुदतीत पुन्हा आली तर सर्व्हर नवी पोस्ट न करता आधीचीच पोस्ट उत्तरादाखल परत देतो. एकदा केले काय आणि दहादा केले काय, परिणाम एकच, असा गुण यामुळे त्या क्रियेला येतो. वेबच्या मूळ नियमांत माहिती मागविण्याच्या, जागेवर ठेवण्याच्या आणि पुसण्याच्या क्रियांना हा गुण असावा असे सांगितले आहे. जून २०२२ च्या ‘आरएफसी ९११०’ या दस्तऐवजातही ते कायम आहे. नवीन पोस्ट निर्माण करण्याच्या क्रियेला मात्र तो गुण जात्या नाही, आणि आपल्याला नेमकी तीच क्रिया हवी असते. इन्स्टाग्रामची पद्धत निराळी आहे: तेथे प्रथम मजकूर व चित्र यांचे एक बांधलेले पुडके तयार होऊन त्याचा क्रमांक मिळतो, आणि मग तो क्रमांक देऊन प्रसिद्धीचा हुकूम करावा लागतो. या दोन पायऱ्यांमध्ये क्रमांक शीटमध्ये उतरवून ठेवला, आणि संशयाच्या वेळी नवे पुडके न बांधता जुन्याचीच स्थिती विचारली, तर दुबार होण्याचा संभव पुष्कळ घटतो. उलट प्रत्येक प्रयत्नात दोन्ही पायऱ्या नव्याने चढणारी मांडणी दुबार पोस्टी हमखास घडविते.

‘फेसबुक आणि एक्स तर तोच मजकूर लागोपाठ आल्यास स्वतःच नाकारतात, मग चिंता कशाला?’ असे विचारले जाते. ती मदत जरूर घ्यावी, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये, कारण तेथे तुलना मजकुराची होते, आणि मजकुराचे साम्य ही ओळखीची फार कच्ची खूण आहे. ‘आज भाव स्थिर’ हे वाक्य सोमवारी आणि मंगळवारीही तितकेच खरे असू शकते. उलट बाजूने, जे डोळ्यांना एकच दिसते ते यंत्राला एकच असेल याचा भरवसा नाही, आणि देवनागरीच्या बाबतीत तर तो मुळीच नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा आपल्या पोस्टींत सर्वांत अधिक येणारा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिला जातो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यांमागे न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द एकसारखे, परंतु संगणकाच्या साठवणीत दोन वेगळ्या अंकमालिका. ‘ॲप’ मधल्या ‘ॲ’ ची तीच गत. २००८ साली त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली, पण त्यापूर्वीचे आणि आजचेही कित्येक कीबोर्ड ‘अ’ वर चंद्र ठेवून तो लिहितात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही या जोड्या एकरूप होत नाहीत. एका मजकुराची एक प्रत फोनवर आणि दुसरी जुन्या फाँटातून रूपांतरित होऊन संगणकावर तयार झाली, की दुबार ओळखण्याची चाळणी दोन्हींना बिनदिक्कत पुढे सोडते. मराठीत काम करणाऱ्यांनी तुलनेपूर्वी अदृश्य जोडचिन्हे, दुहेरी मोकळ्या जागा आणि अंकांची लिपी एकसारखी करून घ्यावी, हे इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा सांगितलेले आढळत नाही. पण याहून खात्रीचा उपाय म्हणजे मजकुराकडे पाहूच नये, त्याच्या क्रमांकाकडे पाहावे.

बातम्यांच्या फीडवरून आपोआप पोस्ट करणाऱ्यांनाही हाच धडा निराळ्या वाटेने मिळतो. आरएसएस पद्धतीत प्रत्येक बातमीला स्वतंत्र ओळख देण्याची सोय आहे पण सक्ती नाही. २००५ सालच्या ॲटम पद्धतीने ती सक्तीची केली. ओळख दिलेली नसेल तर साधने दुव्याच्या पत्त्यावरूनच बातमी नवी की जुनी हे ठरवितात, आणि संकेतस्थळाने पत्ता बदलला किंवा दुव्याच्या शेपटाला वाचकांची मोजदाद ठेवणारी अक्षरे जोडली, की जुन्या साऱ्या बातम्या एका फेरीत ‘नव्या’ ठरून पानावर कोसळतात.

पोच मोजण्याचे थांबले म्हणजे केवढा प्रसंग ओढवतो, याचा दाखला अमेरिकेच्या रोखेबाजारात १ ऑगस्ट २०१२ रोजी मिळाला. नाइट कॅपिटल या दलाल पेढीने आठ सर्व्हरांवर नवा कार्यक्रम चढविला, त्यांतला एक राहून गेला. त्यावर पडून असलेला जुना कार्यक्रम जागा झाला आणि मागणीचे तुकडे बाजारात धाडीत सुटला. मागणी पुरी झाली की थांबावे, हे सांगणारी मोजणी पूर्वीच्या एका फेरबदलात त्याच्यापासून तुटलेली होती. सुमारे ४५ मिनिटांत २१२ लहान मागण्यांपोटी चाळीस लाखांहून अधिक व्यवहार झाले, आणि पेढीला ४६ कोटी डॉलरांहून अधिक हानी सोसावी लागली. दुसरा दाखला विलंबाचा. २०१९ च्या १४ फेब्रुवारीला सिनिव्हर्स या निरोप-वाहक कंपनीचा एक सर्व्हर बंद पडला. तो ७ नोव्हेंबरला पुन्हा सुरू होताच रांगेत राहिलेले १,६८,१४९ निरोप एकदम लोकांच्या फोनवर गेले. नऊ महिन्यांपूर्वीचा निरोप आजचा म्हणून वाचताना ज्यांना धक्का बसला, त्यांत निरोप पाठविणारी व्यक्ती मधल्या काळात वारलेली होती असेही लोक होते. प्रत्येक पोस्टीला ‘या वेळेनंतर पाठवू नये’ अशी मुदत असलीच पाहिजे, हा माझा आग्रह या दुसऱ्या प्रकरणामुळे आहे. भावाच्या पोस्टीला ती मुदत दोन तासांची, सणाच्या शुभेच्छेला एका दिवसाची पुरे.

आता उपाय. शीटमध्ये प्रत्येक ओळीला कायमचा क्रमांक द्यावा, आणि स्थितीचा रकाना ‘बाकी’ व ‘झाले’ एवढ्या दोन शेऱ्यांवर न ठेवता ‘बाकी’, ‘रवाना’ आणि ‘पोच’ असा तिहेरी करावा. पाठविण्यापूर्वी ‘रवाना’, आणि समाजमाध्यमाकडून पोस्टीचा क्रमांक हाती आल्यावर, तो क्रमांक शेजारच्या रकान्यात उतरवूनच, ‘पोच’. वीज जाऊन पुन्हा आली आणि एखादी ओळ ‘रवाना’ वर अडकलेली दिसली, तर यंत्राने ती आपणहून पुन्हा पाठवू नये. आधी पानावरच्या अलीकडच्या पोस्टी मागवून त्यांत हा मजकूर आहे का ते पाहावे. पोस्टीच्या शेवटी ‘क्र. २१७’ असा लहान आकडा छापला असेल तर ही पडताळणी यंत्राला सोपी जाते, आणि वाचणाऱ्यालाही आपण पाहतो ती वार्ता नवी की तीच, हे समजते. तारीख आणि वेळ तर मजकुरातच असावी. अडकलेल्या ओळीची पोस्ट पानावर सापडली तर तिचा क्रमांक नोंदून ‘पोच’ करावे, न सापडली आणि मुदत शिल्लक असली तरच पुन्हा धाडावे.

पडताळणीलाही उत्तर मिळेनासे झाले तर काय, हे यंत्रावर न सोडता माणसाने आधीच ठरवून ठेवले पाहिजे, आणि ते सर्व प्रकारच्या मजकुराला एकसारखे ठरविणे मला गैर वाटते. पुराचा इशारा दुबार गेला तरी चालेल, अजिबात न जाणे चालणार नाही. म्हणून तेथे पुन्हा पाठविण्याकडे कल ठेवावा, मात्र विसर्गाचा आकडा आणि तो कोणत्या वेळचा हे त्यात स्पष्ट असावे. भाव, निधनवार्ता, वर्गणीचे आवाहन यांचे उलट आहे. ते एकदा चुकले तर माणूस हाताने पाठवू शकतो, दुबार गेले तर गोंधळ वा मनस्ताप होतो, म्हणून तेथे थांबावे आणि पान चालविणाऱ्याच्या फोनवर सूचना द्यावी.

आधीच उमटलेल्या दुबार पोस्टींपैकी कोणती काढावी, याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. सामान्यतः मागाहूनची काढावी. पण लोकांनी तिच्याखालीच प्रश्न विचारले असतील किंवा ती पुढे पाठविली असेल तर तीच ठेवून पहिली काढावी, कारण अस्सल कोणती हे पानावर जमलेले लोक ठरवीत असतात. पाण्याच्या इशाऱ्याची पोस्ट मात्र गुपचूप नाहीशी करू नये. ती नाहीशी झाली याचा अर्थ धोका टळला असा कोणी घेण्याचा संभव आहे. तिच्यातच दुरुस्ती करून ‘ही सकाळी आठची सूचना आहे, त्यानंतर बदल नाही’ असे लिहावे.

सारी दुरुस्ती झाल्यावर ती खरी झाली की नाही हे पाहण्याचा मार्ग एकच: कोणी पाहत नाही असे एक चाचणीचे पान काढून, त्यावर मजकूर निघाल्याच्या क्षणी राउटरचा खटका बंद करावा, आणि काही मिनिटांनी पुन्हा चालू करावा. हे छायाचित्र असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही मजकुरांवर करून पाहावे, कारण छायाचित्र चढण्यास वेळ लागतो आणि संपर्क नेमका कोणत्या पायरीवर तुटतो त्यावर परिणाम बदलतो. शीटमधली ओळ ‘रवाना’ वर थांबली, यंत्राने पान तपासले, आणि चाचणीच्या पानावर पोस्ट एकच राहिली, तर मांडणी खऱ्या पानाला जोडावी; जुन्या प्रतीचे अधिकार काढून घेतल्याची खात्री त्याआधी आणखी एकवार करून.